मांजर, कुत्री आणि मधल्या अठरा फरश्या

आमचं घर अमरावतीच्या एका नव्या लेआउटमधलं अगदी शेवटचं. कुंपणापलीकडे तुरीचं शेत, त्यापलीकडे पुन्हा शेतच. नवीन घर पाहायला आलेल्या पाहुण्यांना आम्ही हे सगळं कौतुकानं दाखवायचो, की बघा, किती मोकळं आहे. दिवाळीच्या सुट्टीत शेजारच्या बंद घरात भरदुपारी चोरी झाली आणि तो मोकळेपणा एका दिवसात अंगावर यायला लागला.

चोरी शेजाऱ्यांकडे झाली, पण धसका घेतला माझ्या नऊ वर्षांच्या मुलीनं. तिची शाळा बारा वाजता सुटते. मी शिक्षिका, मला घरी यायला साडेपाच होतात. नवरा अकोल्याला नोकरीला, रोज रेल्वेनं अपडाउन करतो, तो आठच्या आधी कधी उगवत नाही. मधल्या वेळात घरी सासूबाई आणि चार वर्षांचा धाकटा. सासूबाईंना जरा कमी ऐकू येतं आणि जेवणानंतर त्यांचा डोळा लागतो. मुलगी शाळेतून आली की आतून कडी लावायची, दाराला खुर्ची टेकवायची आणि मांजरीला मांडीवर घेऊन बसायची. मांजर एका डोळ्यानं अधू आणि स्वभावानं खडूस, पण पोरीचा तिच्यावर जीव. चोरीनंतर तर ती मांजरीशिवाय दुसऱ्या खोलीतसुद्धा जाईना. मी आले की दार वाजवायचं, दोन-तीनदा हाका मारायच्या, मीच आहे अशी तिची खात्री पटली की मग खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. दिवसभर वर्गात घसा कोरडा करून आलेल्या बाईनं स्वतःच्या दारात ओळख पटवायची, याचा मला राग यायचा. मग तिचा चेहरा पाहिला की त्या रागाची लाज वाटायची.

नवऱ्यानं यावर उपाय काढला, कुत्रा. रेल्वेत जाता-येता तो मोबाइलवर कुत्र्यांचे व्हिडिओ पाहायला लागला आणि रोज संध्याकाळी वेगळं नाव घेऊन घरी यायला लागला. सोमवारी रॉटवायलर, बुधवारी जर्मन शेफर्ड, शनिवारी अशी एक परदेशी जात की जिचं वजन ऐकून मी विचारलं, तो आपल्याला पाळणार आहे का? मला कुत्र्यांची लहानपणापासून भीती. पण पोरीच्या भीतीपुढे माझी भीती मी गिळली. मुलीनं मात्र वहीच्या मागच्या पानावर एकच प्रश्न लिहून ठेवला, की हा कुत्रा मांजरीला काही करेल का? कुत्रा दाखवणाऱ्या प्रत्येकाला तो विचारायचा, असं तिनं ठरवलं होतं.

तो पहिल्यांदा विचारला गेला अमरावतीतच, एका जर्मन शेफर्डच्या मालकाला. त्यांनी कुत्र्याची उंची सांगितली, खुराक सांगितला, आणि उन्हाळ्यात त्याला स्वतंत्र कूलर लागतो म्हणून त्याची खोलीसुद्धा दाखवली. मांजरीचं काही सांगितलं नाही. आमच्याकडे कूलर एकच आणि त्याच्यासमोरची जागा सासूबाईंची, त्यामुळे तो विषय तिथेच मिटला.

मग एका रविवारी आम्ही सगळे अकोल्याला गेलो. नवऱ्याच्या ओळखीचे एक गृहस्थ घरामागे कुत्री पाळतात आणि विकतात. सासूबाईही निघाल्या. त्यांचं अर्धं आयुष्य मूर्तिजापूरजवळच्या गावात, शेतात आणि गोठ्यात गेलेलं. जनावर आणायला जायचं आणि त्यांनी घरी बसायचं, हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं. तिथे नवऱ्याची नजर एका रॉटवायलर नरावर खिळली. त्याचं डोकं आमच्या धाकट्याच्या छातीएवढं रुंद होतं. मुलीनं वही उघडून प्रश्न विचारला. गृहस्थ खूश होऊन म्हणाले की हा इथे आल्यापासून आमच्या गल्लीत एक मांजर उरलेली नाही. त्यांना वाटलं, पोरीला मांजरी आवडत नाहीत. मुलीनं वही मिटली आणि माझ्या पदराआड येऊन उभी राहिली.

सासूबाई तोवर कोपऱ्यातल्या एका पिंजऱ्यासमोर उकिडव्या बसल्या होत्या. आत डॉबरमनची सातेक महिन्यांची मादी. तिचे सगळे भाऊ विकले गेले होते, लोकांना राखणीला नरच हवा असतो, म्हणून ही मागे राहिली. आम्ही जवळ जाताच तिनं भुंकून कान किटवले. गृहस्थांनी ‘बस’ म्हटलं, तशी ती गप्प झाली, एकदा अंग झटकलं आणि खाली बसली. नवरा म्हणाला, ही तर लगेच थंड पडते.

“किती भुंकते ते काय पाहून राहिला, बाबू?” सासूबाई म्हणाल्या. “भुंकल्यावर शांत किती लवकर होते, ते पाह्य. घरात लेकरं हायेत.”

मुलीनं पुन्हा वही उघडली. या वेळी गृहस्थांनी प्रामाणिकपणे सांगितलं की हिनं मांजर कधी पाहिलेलीच नाही, त्यामुळे सांगता येत नाही. इतक्या दिवसांत मिळालेलं हे पहिलं खरं उत्तर. मुलगी सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसली. ठरलं. गृहस्थ कुत्रीच्या आई-वडिलांचे, आजोबांचे कागद दाखवू लागले, तर सासूबाईंनी हातानंच नको म्हटलं.

“आमाले जिंदगीभर लोकायनं जात विचारली. आता मी कुत्रीची विचारू काय?”

नवऱ्यानं मात्र कागद घडी करून खिशात ठेवले.

चूक झाली ती घरी आल्यावर. सासूबाई दर पौर्णिमेला विहारात जातात, घरात पूजाअर्चा नाही. पण नवं जनावर दारात आलं की त्याच्या पायांवर पाणी घालायचं आणि भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायचा, हे त्यांच्या लेखी देवधर्मात येतच नाही. ती जनावराची रीत. नवा बैल आला की घरातल्या प्रत्येकानं त्याच्या पाठीवर हात ठेवायचा, म्हणजे तो माणसं ओळखतो. त्यांनी फाटकापाशी कुत्रीच्या पायांवर पाणी घातलं, भाकर ओवाळली, एकेकाला बोलावून हात लावायला लावला. मीही डोळे मिटून लावला. कुत्री बिचारी मुकाट उभी होती. सगळे झाले, तशा सासूबाई म्हणाल्या, घरातलं एक जण राहिलं की. आणि मुलगी आनंदानं मांजरीला कडेवर घेऊन आली.

पुढचं सगळं एका दमात झालं. कुत्रीनं पुढे झेप घेतली, नवऱ्याच्या हातातला पट्टा ताणला गेला, मांजरीनं मुलीच्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत ओरखडे काढले आणि थेट पाण्याच्या टाकीवर चढली. धाकटा भोकाड पसरून रडायला लागला. दवाखान्यात जाऊन मुलीला इंजेक्शनं घ्यावी लागली. मी परत आल्यावर स्वयंपाकघरात भांडी आपटत बोललेच, की आई, बैल आणि कुत्रं यात काही फरक आहे की नाही? त्यांना कमी ऐकू येतं, पण हे त्यांनी बरोबर ऐकलं.

संध्याकाळी नवऱ्यानं निर्णय सांगितला. कुत्री राखणीला हवीच, तेव्हा मांजर येत्या रविवारी गावी, चुलत्याच्या शेतावर. तिकडे उंदीर भरपूर, मजेत राहील. मुलगी रडली नाही. पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून तिनं विचारलं, “मग शाळेतून आल्यावर मी कोणापाशी बसू?”

आम्ही कुत्री आणली होती ती या पोरीला घरात धीर वाटावा म्हणून, आणि तिचा होता तोच धीर उचलून गावी पाठवायला निघालो होतो.

“चूक माही हाये,” सासूबाई म्हणाल्या. “रीत अर्धीच केली म्या.”

उरलेली अर्धी रीत त्यांनी मग समजावून सांगितली. नव्या बैलाला माणसांची ओळख पहिल्या दिवशी करून देतात, पण जुन्या बैलाशी नाही. नव्याला जुन्यापासून लांब, मात्र नजरेसमोर बांधतात. दोघांना वैरण एकाच वेळी टाकतात. एकाच्या अंगावरची झूल दुसऱ्याच्या अंगावर घालतात. मग रोज दावं थोडं थोडं जवळ आणायचं, घाई करायची नाही. एक दिवस दोघं एका गव्हाणीत तोंड घालतात. आमच्या व्हरांड्यात स्वयंपाकघराच्या दारापासून पुढच्या खांबापर्यंत अठरा फरश्या आहेत. सासूबाईंनी माझ्या नवऱ्याकडे अठरा दिवस मागितले. त्यानं मुलीच्या हाताकडे पाहिलं आणि दिले.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. कुत्री खांबाला बांधलेली, तिचं ताट तिथे. मांजरीची वाटी स्वयंपाकघराच्या दारात. सकाळ-संध्याकाळ दोघींना एकाच वेळी जेवण, आणि रोज वाटी एक फरशी पुढे. मुलगी खडूनं खूण करायची. थंडी वाढली होती आणि डॉबरमनच्या अंगावर केस ते किती, कुत्री कुडकुडायची. सासूबाईंनी जुन्या गोधडीची तिला झूल शिवली. ती झूल दुपारी मांजरीच्या खोक्यात जायची आणि मांजरीचं फडकं कुत्रीच्या पोत्यावर. नवरा कुत्रीला इंग्रजीत हुकूम सोडायचा, कारण व्हिडिओत तसंच होतं. ती त्याच्याकडे आदरानं पाहायची आणि उभीच राहायची. सासूबाई ‘बस, माय’ म्हणाल्या की बसायची.

सहाव्या दिवशी धाकट्यानं मदत म्हणून वाटी एकदम चार फरश्या पुढे नेऊन ठेवली. मांजर फिस्कारली, कुत्री दोरीला हिसके देत भुंकत राहिली, वाटी उपडी झाली. मला वाटलं, संपलं. मुलीनं मात्र खडू घेतला आणि वाटी आदल्या खुणेच्याही दोन फरश्या मागे नेली. माझ्या हाताखालून इतकी पोरं गेली, पण पुसून पुन्हा लिहायला इतक्या शांतपणे बसलेलं लेकरू मी फार क्वचित पाहिलंय. मला तिचा अभिमान वाटला, आणि मी तो तिला बोलूनही दाखवला.

पुढचे दिवस काही घडलंच नाही, आणि तेच चांगलं होतं. कुत्री मांजरीकडे पाहायची, मग ताटाकडे. दूधवाला आला की भुंकायची, सासूबाईंनी ‘बस’ म्हटलं की गप्प. एका सकाळी मी घाईत तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि शाळेत पोचल्यावर लक्षात आलं की या वेळी मी डोळे मिटले नव्हते.

सोळाव्या दिवशी शाळेत तपासणी होती, मला निघायला उशीर झाला. लेआउटच्या वळणावरूनच दिसलं की आमचं दार सताड उघडं आहे. चोरी, मांजर, पोरीचा हात, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. मी फाटकाकडे पळत सुटले. कुत्री भुंकली, मला ओळखलं आणि शेपटी हलवत खाली बसली.

ती खांबालाच बांधलेली होती. तिच्या पोत्याच्या कडेला, दोरीच्या टप्प्यात, मांजर झोपली होती. तिनं अधू नसलेला डोळा उघडून मला पाहिलं आणि पुन्हा मिटला. खडूची खूण अजून पाच फरश्या अलीकडेच होती, उरलेलं अंतर ती आपणहून चालून आली होती. सासूबाई भिंतीला टेकून तुरीच्या शेंगा सोलत होत्या, धाकटा त्यातले दाणे खात होता. मुलगी पायरीवर बसून गृहपाठ करत होती. बाहेरच्या पायरीवर.

“दार उघडं कसं गं?” मी धापा टाकत विचारलं.

तिनं मागे वळून दाराकडे पाहिलं. तिलाही ते तेव्हाच दिसलं असावं.

“अगं आई,” ती म्हणाली, “कडी लावायची राहूनच गेली.”

मी चपला काढल्या, तिच्या शेजारी बसले आणि दार तसंच उघडं राहू दिलं.