मूठआत्याचा डबा

मूठआत्या मागायला यायची, पण तिच्या तोंडावर मागणाऱ्याचा भाव मी कधी पाहिला नाही. वसुलीला आल्यासारखी दारात उभी राहायची आणि म्हणायची, "वयनी, मूठ काढा." जुन्नरच्या आमच्या चर्चमधल्या घरांची रीतच होती, रोज भात लावताना एक मूठ तांदूळ बाजूला काढून ठेवायचे. शनिवारी आत्या पत्र्याचा डबा घेऊन ते गोळा करायची आणि रविवारी उपासनेनंतर अडलेल्या घरी पोचवायची. कुणाच्या घरी, ते तिला आणि पाळकांनाच माहीत. एरवी ती बालवाडीत आया होती. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांचीच आत्या.

एका डॉक्टरीणबाईंनी एकदा आठवडाभराच्या मुठींबरोबर मोठी वाटीही भरून आणली. आत्याने मुठी तेवढ्या घेतल्या आणि वाटी परत केली. "वाटी नको बाई. सगळ्यांची सारखीच." त्या बाई आठवडाभर फुगून बसल्या होत्या.

मी दहावीत असताना अण्णांची चाकणची कंपनी बंद पडली. बघता बघता घर पार बसलं. आत्याला सगळं ठाऊक होतं, तरी त्या शनिवारी बया दारात हजर. "वयनी, मूठ काढा." मला धक्काच बसला. आमच्या तांदळाच्या डब्याच्या तळाशी किती दाणे उरलेत ते सकाळी मीच पाहिलं होतं. आईने निमूटपणे मूठ काढून दिली. मी फणकारले, "आत्या, तुला दिसत नाही का?"

"दिसतंय की गं. म्हणून तर आले," ती म्हणाली आणि पुढच्या घरी गेली.

दुसऱ्या दिवशी आत्याच तांदळाची पिशवी घेऊन आमच्या दारात आली. अण्णा स्वभावाने ताठ. चर्चची मदत घ्यायची नाही म्हणून दाराकडे पाठ करून बसलेले. आत्या उंबऱ्यातूनच म्हणाली, "भाऊ, काल तुमच्या घरची मूठ पडलीय यात. आपल्याच डब्यातलं खायला लाज कसली?" त्या दिवशी अण्णा पोटभर जेवले.

कुणाकडचा इंद्रायणी, कुणाचा कोलम, कुणाचा रेशनचा जाडा. एक दाणा शिजून गाळ व्हायचा, तर दुसरा दाताखाली कचकन लागायचा. आम्ही त्याला भेसळभात म्हणायचो. वर्षभर तो खाल्ला आणि त्यातलीच एक मूठ रोज बाजूला काढली. मिळालेलंच परत काय द्यायचं, मला तर तो शुद्ध खुळेपणा वाटायचा.

आता मी घोडेगावच्या शाळेत शिकवते, शनिवारी जुन्नरला येते. आत्याचे गुडघे गेले तेव्हा डबा माझ्याकडे आला. बालवाडी कधीच बंद झाली होती, पेन्शन नाही. एके दिवशी पाळकांनी हळूच सांगितलं, आत्याकडेही पिशवी द्यायला हवी. मी ती तिच्या खाटेवर नेऊन ठेवली. तिने आधी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्या रिकाम्या हाताकडे.

"शनवारी डबा न्हाई आणलास?"

"तुझ्याकडून काय घ्यायचं आता, आत्या? जन्मभर दिलंस."

"बरं," ती म्हणाली. एवढंच. मला वाटलं, मी केवढा मोठेपणा दाखवला.

पुढे पाच महिने दर रविवारी पिशवी दिली. ती वाळत चालली होती. मी म्हटलं, वय झालं. मागच्या पावसाळ्यात ती गेली. दुसऱ्या दिवशी खोली आवरताना खाटेखाली मोठा डबा सापडला. झाकण उघडलं. काठोकाठ तांदूळ, इंद्रायणी, कोलम, रेशनचा जाडा. वर कडुनिंबाचा पाला, अजून हिरवा.

शेजारीण म्हणाली, "दर शनवारी दाराआड खुर्ची टाकून बसायची. कुणाची वाट बघता म्हटलं, तर म्हणायची, डबा यायचाय."

तिच्या दारावरून पाच महिने डबा घेऊन मीच गेले होते, तिला त्रास नको म्हणून पाय न वाजवता.

आता ज्या घरी रविवारी पिशवी जायची असते, तिथे मी शनिवारी सगळ्यांत आधी जाते. जीभ रेटत नाही. तरी म्हणते, "वहिनी, मूठ काढा."