तांबड्या शालीतली परीक्षा

आमच्या तोंडी परीक्षेतली आदिवासी आजी बुइटनव्हेल्डर्ट या शेजारच्या उपनगरातून सायकलवर आली. खाली सायकलला कुलूप लावून ती लिफ्टने आमच्या मजल्यावर आली, मशीनची कॉफी घेतली, पिशवीतून तांबडी लोकरी शाल काढली आणि खांद्यावर ओढून घेतली. झाली आजी. डोळे निळे, केस चांदीसारखे, पायात महागडे चालायचे बूट. तिच्या भूमिकेच्या कागदावर लिहिलं होतं: मध्य ऑस्ट्रेलियातली आदिवासी वृद्धा, उजवा गुडघा दुखतो, पण परक्या माणसाला सांगत नाही.

इथे डॉक्टर आणि नर्स घडवताना नट-नट्यांना पेशंट म्हणून बसवतात. पद्धत जुनी आहे आणि वाईट नाही. या बाई त्यातल्या मुरलेल्या. सोमवारी त्या मोरोक्कन आई झाल्या होत्या, आमच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी विसराळू आजोबांची बायको. त्यांचा चेहरा सावळा रंगवावा का, यावर संस्थेत म्हणे मोठी चर्चा झाली आणि नको असं ठरलं. त्या निर्णयाबद्दल संस्थेने आम्हाला एक ईमेल पाठवून स्वतःचं अभिनंदन केलं. शाल मात्र समितीने मंजूर केली होती.

मी पुण्याची फिजिओथेरपिस्ट. नवऱ्याच्या नोकरीमागे हूफडॉर्प या डच गावात आले आणि सहा वर्षांत एकाही अनोळखी माणसाच्या गुडघ्याला हात लावला नाही. डच शिकले, पदवी मान्य करून घेण्याच्या खटपटी केल्या, दर वेळी कुठला तरी कागद कमी पडला. मग झुइडास या बँका-ऑफिसांच्या भागातल्या एका संस्थेचा वर्षभराचा अभ्यासक्रम दिसला: आदिवासी आरोग्य आणि स्वास्थ्य. शेवटी एका विद्यार्थ्याला ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींनी स्वतः चालवलेल्या दवाखान्यात सहा महिने काम मिळणार होतं. संस्थेच्या साइटवर त्या दवाखान्याच्या दाराचा फोटो होता. निळं दार, बाहेर एक बाक. मला त्या दारातून आत जायचं होतं. आत पेशंट होते.

दिवाळीच्या फराळाला आमच्याकडे जमलेल्या मंडळींना हे सांगितलं तर टेबलावर हशा पिकला.

"वहिनी, कांगारूंना पण फिजिओ लागतो का?" नवऱ्याचा ऑफिसातला मित्र म्हणाला.

त्याची बायको जास्त गंभीर. "अगं, आदिवासीच बघायचे होते तर जव्हारला जायचं. एवढा खटाटोप कशाला?"

"तू गेली आहेस जव्हारला?"

"हो ना. धबधब्याला."

मी चकलीचा डबा तिच्यापुढे सरकवला. 'बघायचे' हा शब्द तिच्या तोंडून अगदी सहज निघाला. पण संस्थेत तोच शब्द फक्त चांगले कपडे घालून हिंडत होता, हे कळायला मला फार दिवस लागले नाहीत.

प्रत्येक तासाची सुरुवात आम्ही उभं राहून करायचो. ज्या भूमीवर आपण आहोत तिच्या मूळ रहिवाशांना वंदन, असं आमच्या विभागप्रमुख बाई डोळे मिटून म्हणायच्या. ऑस्ट्रेलियात याला अर्थ असेल, आहेच. पण आम्ही एका बँकेच्या वरच्या मजल्यावर होतो, आणि माझं घर तर आटवलेल्या सरोवराच्या तळाशी आहे. तिथल्या मूळ रहिवाशांना वंदन करायचं म्हणजे माशांना आणि बेडकांना. वर्गात एकही आदिवासी माणूस वर्षभरात शिकवायला आला नाही. व्हिडिओवरून एकदा एक परिचारिका बोलणार होती, पण वंदन, प्रास्ताविक आणि प्रास्ताविकाबद्दलचे आभार यांतच वेळ संपला.

तर परीक्षा. दोन विद्यार्थ्यांनंतर शालवाल्या बाईंना खोकल्याची उबळ आली. लोकर घशात जात असावी. विभागप्रमुख बाहेर आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या.

"थोडा वेळ तू आजी होशील? तुझी परीक्षा झाली असं धरू."

"मीच का?"

"तुला ते सहज जमेल. तुझ्याकडे तो अनुभव आहे."

"कुठला?"

त्यांनी हवेत हात फिरवला. तो माझ्या चेहऱ्याच्या आसपास फिरून खाली आला.

"मी पुण्याची आहे," मी म्हटलं. "सदाशिव पेठेच्या जवळची."

"तेच तर," त्या म्हणाल्या.

त्यांना आमच्या पेठेबद्दल काहीच माहीत नव्हतं, आणि असतं तर त्यांनी हे वाक्य नक्कीच उच्चारलं नसतं. मी नको म्हटलं. मला परीक्षा द्यायची होती, कारण जागा एकच होती आणि ती मार्कांवर मिळणार होती. बाईंनी "तुझ्या सीमांचा मी आदर करते" असं म्हणून खोकल्याची गोळी आणायला माणूस पाठवला.

माझा नंबर आला तेव्हा आजी शाल सावरून तयार होत्या. कोपऱ्यात विभागप्रमुख गुणांचा तक्ता घेऊन बसल्या होत्या. तक्त्यात ठरलेली वाक्यं होती: मी इथे ऐकायला आले आहे. तुमच्या मौनाला मी जागा देते. दोन्ही म्हणून झाली. आजींनी ठरल्याप्रमाणे मौन पाळलं आणि खिडकीबाहेरच्या क्रेनकडे वाळवंट असल्यासारखं पाहिलं. आणि मग खुर्चीत जरा सरकताना त्यांनी डावा पाय हाताने उचलून पुढे ठेवला.

अशा वेळी माझ्यासारखीला दुसरं काही दिसत नाही. पँटच्या कापडातूनही सूज कळत होती.

"हा गुडघा दुखतोय तुम्हाला," मी हळूच म्हटलं.

"श्श. उजवा," त्या ओठ न हलवता म्हणाल्या. "आजींचा उजवा आहे."

"मला डावा दिसतोय."

"डावा माझा आहे."

"किती दिवस?"

"इस्टरपासून. हाउसआर्ट्स म्हणाला पॅरासिटामॉल घ्या."

इथला फॅमिली डॉक्टर सगळ्यालाच पॅरासिटामॉल देतो, ते सोडा. मी विचारलं, हात लावू का? त्यांनी कोपऱ्याकडे एक नजर टाकली आणि होकारार्थी मान हलवली. मी पाय स्टुलावर घेतला, वाटी हलवून पाहिली, वाकवून पाहिला. सायकलचं सीट फार खाली आहे का विचारलं. आहे म्हणाल्या. मांडीचा स्नायू कसा आवळायचा ते दाखवलं. त्यांनी तीनदा करून पाहिलं, चौथ्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला आणि शाल खाली घसरली. सहा वर्षांनी माझ्या हाताखाली एक खरा सांधा होता. माझे कान गरम झाले होते.

"थांबा," कोपऱ्यातून आवाज आला.

मी नापास झाले. लेखी शेऱ्यात 'प्रसंगाच्या चौकटीबाहेर गेली' असं होतं, तोंडी बाईंनी अधिक स्पष्ट सांगितलं: "तू चुकीचा गुडघा तपासलास."

फेरपरीक्षा पुढच्या आठवड्यात होती. घरी नवरा म्हणाला, "अगं म्हणून टाक ना ती वाक्यं. आम्ही ऑफिसात रोज म्हणतो." म्हणून टाकली. त्याच शालीसमोर, उजव्या गुडघ्याला, पूर्ण मार्कांनी. तुमच्या वेदनेचा मी सन्मान करते, हेही म्हटलं. ते तक्त्यात नव्हतं, आपोआप आलं. त्या रात्री दात घासताना मला स्वतःच्या तोंडाची किळस आली.

जागा मला मिळाली. फुलं दिली, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. मी हसले, खोटं कशाला सांगू, मनापासून हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या दवाखान्यात फोन लावला. तिकडे दुपार होती. मला एवढंच विचारायचं होतं की कशा प्रकारचे पेशंट जास्त असतात, म्हणजे इथे उजळणी करता येईल.

"कोण येतंय म्हणालात?" तिकडची व्यवस्थापक बाई म्हणाली.

मी संस्थेचं नाव सांगितलं. पलीकडे एक सुस्कारा ऐकू आला.

"आम्ही त्यांना गेल्याच वर्षी नाही म्हणून कळवलंय. इथली आमची पोरं शिकतायत, त्या खुर्च्या त्यांच्या आहेत. आणि आमच्या दाराचा फोटो साइटवरून काढून टाका म्हणून सांगितलंय, तोही अजून तिथेच आहे. तुझा दोष नाही गं. पण जागा नाही."

तिने माझं काम विचारलं, मी सांगितलं. बरं, म्हणाली. तिला दुसरा फोन आला होता.

मी थेट झुइडासला गेले. विभागप्रमुखांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना धक्का बसला नाही, हे माझ्या लक्षात आलं.

"नातेसंबंध ही एक प्रक्रिया असते," त्या म्हणाल्या.

"त्यांनी नाही म्हटलंय."

"तोही एक संवाद आहे."

"तुम्ही त्यांचं ऐकलंच नाही. वर्षभर आम्हाला संमती शिकवलीत."

"तुझा राग मला ऐकू येतोय," असं म्हणत त्यांनी माझ्यापुढे टिश्यूचा डबा सरकवला. माझे डोळे कोरडे होते. मग त्यांनी विचारलं, पुढच्या वर्षीच्या परीक्षांना मी पेशंट म्हणून येईन का. मानधन चांगलं आहे. मी काही न बोलता उठले. बोलले असते तर त्यांनी त्याचाही सन्मान केला असता.

आठवड्याभराने दवाखान्याच्या दाराचा फोटो साइटवरून खरोखरच निघाला. त्या जागी माझा आला. हातात फुलं, तोंडभर हसू, आणि वर मथळा: ज्यांच्यासाठी आपण काम करतो.

नवऱ्याने मोबाइल जवळ नेऊन पाहिला. "फोटो छान आलाय पण," तो म्हणाला.

मी संस्थेला तो फोटो काढून टाकायला सांगितलं. त्यावर समिती बसेल, असं उत्तर आलं.