भाकरीच्या ओळीपर्यंत

आमच्या ह्यांना पॅरालिसिसचा झटका आला, तेव्हा देवाच्या वतीने बोलायला माणसांची कमतरता पडली नाही. देव स्वतः तेवढा गप्प होता.

आमचं गाव प्रवरेच्या काठी, नगर-मनमाड रस्त्यावर. गावात ख्रिस्ती घरं थोडी आणि देऊळ, म्हणजे आमचं चर्च, लहान. मंडळीतले सगळे एकमेकांचे काही ना काही लागतात, त्यामुळे कुणाच्या घरी आजारपण आलं की घरप्रार्थना ठरलेलीच. दर गुरुवारी संध्याकाळी सगळे आमच्या पडवीत जमायचे. आधी गीत, मग शास्त्रवाचन, मग प्रार्थना आणि शेवटी चहा. देवाने हे संकट आमच्यावर का आणलं, याची चर्चा चहाबरोबर व्हायची. मंडळीच्या खजिनदारांचं म्हणणं, ही परीक्षा आहे. त्यांच्या बायकोचं म्हणणं, शिक्षा नसेल कशावरून? हे तिने माझ्याकडे न बघता बशीतल्या खारीकडे बघत विचारलं. देवळाचे पाळकसाहेब तरुण आणि स्वभावाने भले. ते म्हणाले, "बाई, देवाची योजना आपल्याला कळत नसते." कळत नसेल तर दर गुरुवारी तीच समजावून सांगायला कशाला येता, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत माझा जन्म गेलेला, साहेब लोकांसमोर कधी गप्प बसावं हे मला चांगलं ठाऊक आहे. मी खारी वाढली.

झटक्याने ह्यांची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. हे एसटीत कंडक्टर होते. आवाज असा, की मागच्या बाकावरून बोलले तरी ड्रायव्हरला शब्दन्‌शब्द कळायचा. ह्यांच्याबद्दल ड्रायव्हर लोकांची नोकरीभर एकच तक्रार होती. पाटी डोक्यावर घेऊन धावत येणारी शेवटची बाई गाडीत चढेपर्यंत हा माणूस डबल बेल देत नाही. निवृत्तीनंतर त्या आवाजाची सोय देवळाने करून घेतली. उपासनेत सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणतात, तिची सुरुवात करून द्यायची ती ह्यांनी. पाळक येत आणि बदलून जात, सुरुवात ह्यांचीच.

आता त्या आवाजात एकच शब्द उरला होता, 'आयला'. ज्या माणसाने खिळा ठोकताना अंगठ्यावर हातोडी बसली तरी कधी वावगा शब्द काढला नाही, त्याच्याकडे शिल्लक काय राहावं, तर हे. भूक लागली तरी आयला, पाणी हवं असलं तरी आयला, पाळकसाहेब दारात दिसले तरी आयला. खजिनदारांच्या प्रार्थनेचा पल्ला फार मोठा. ती आमच्या आजारपणापासून निघायची, साखर कारखान्याची निवडणूक आणि त्यांच्या मुलाची बदली करून परत यायची. ती ऐन रंगात आली की खुर्चीतून खणखणीत 'आयला' ऐकू यायचं. सगळे डोळे आणखी घट्ट मिटून घ्यायचे. मला मात्र वाटायचं, आमच्या पडवीत एवढ्या प्रार्थना झाल्या, त्यातली मनापासूनची काय ती ही एकच.

माझी तर तेवढीही होत नव्हती. प्रभूच्या प्रार्थनेत आधी देवाला हाक मारायची, त्याचं नाव घ्यायचं, त्याचं राज्य मागायचं. मग एक ओळ येते, तुझ्या मनात असेल तसं होऊ दे, अशा अर्थाची. तिच्या पाठोपाठ रोजच्या भाकरीची ओळ. कळायला लागल्यापासून मी ती इच्छेची ओळ घडाघडा म्हणत आले होते. झटक्यानंतरच्या पहिल्याच रविवारी तिथे पोचले आणि माझं तोंड मिटलं. त्याच्या मनात होतं ते होऊन घरी खुर्चीत बसलं होतं, आता आणखी काय होऊ द्यायचं? देवाचा राग आला होता असंही म्हणवत नाही. रागवायलाही समोर कुणी असावं लागतं, आणि मला समोर कुणी जाणवतच नव्हतं. असं आयुष्यात पहिल्यांदा झालं आणि मी फार घाबरले. एक ओळ गाळून बाकीची म्हणणं मला लबाडीचं वाटलं, म्हणून मी सगळीच सोडली. रविवारी नुसते ओठ हलवायचे, शेजारच्या बायकांना कळू नये एवढ्यापुरते.

अशात बाहेरगावचे एक उपदेशक आले. स्वतःचा माइक, स्वतःचा स्पीकर आणि मोबाईलवर शूटिंग करायला स्वतःचा मेहुणा. त्यांनी ह्यांच्या डोक्यावर हात ठेवला. हे म्हणाले, "आयला." उपदेशक मंडळीकडे वळून म्हणाले, "सैतान बोलतोय." मग त्यांनी निदान केलं. दोष आजारात नाही, मंडळीच्या विश्वासात आहे. आमच्यात आजारातून उठलं, नोकरी लागली, अपघातातून वाचलं, की उपकारस्तुती करतात. मंडळीला घरी बोलवायचं, देवाचे आभार मानायचे आणि जेवण घालायचं. "बरं झाल्यावर उपकारस्तुती कोणीही करील," उपदेशक म्हणाले. "विश्वास असेल तर आधी करा. त्या दिवशी तुमचा भाऊ उठून उभा राहील." असं काही आमच्या मंडळीत कुणी ऐकलं नव्हतं. पण जेवणाचा विषय निघाला आणि सगळ्यांचा विश्वास बसल्या जागी वाढला.

मी नको म्हटलं असतं, तर हे उठले नाहीत याचं खापर माझ्यावर फुटलं असतं. आणि खरं सांगायचं तर मलाही आशा होती. इतकी वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, तरी आशा होती. नवऱ्याच्या तोंडून स्वतःचं नाव पुन्हा ऐकायला मिळावं म्हणून मी मांडवच काय, त्या मेहुण्याचं शूटिंगही सहन करायला तयार होते.

पुढच्या गुरुवारी शास्त्रवाचन थोडक्यात आटोपलं, कारण मटण की शेवभाजी हा प्रश्न निकालात काढायचा होता. मटण ठरलं. मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप फिरला, 'बंधू बरे झाल्याबद्दल उपकारस्तुती, शनिवारी.' माझ्या नगरच्या मावसबहिणीचा लगेच फोन. "बरं झालं बाई, उठले एकदाचे." मी म्हटलं, "अजून नाही गं. शनिवारी उठायचेत."

शेजारच्या मळ्यातल्या वहिनींकडून आमचं दूध येतं. अंगणात मांडव पडलेला बघून त्या फाटकाशी थांबल्या.

"बाई, लगीन हाय का काय?"

मी काय ते सांगितलं. त्यांनी किटली खाली ठेवली आणि मांडवाकडे बघितलं.

"आमच्यात बी नवस आदी फेडीत न्हाईत," त्या म्हणाल्या आणि दूध मोजायला लागल्या.

शनिवारी मी ह्यांना पांढरा शर्ट घातला. मांडव भरला. गीतं झाली, संदेश झाला, आणि उपदेशकांनी माइकवरून ह्यांना उठायची आज्ञा केली. हे त्यांच्याकडे बघत राहिले. कंडक्टर असताना बिगरतिकिटाच्या माणसाकडे बघायचे तसेच. मग म्हणाले, "आयला." आज्ञा पुन्हा झाली, यावेळी स्पीकर मोठा करून. मेहुणा मोबाईल घेऊन अगदी जवळ आला. खजिनदारांनी आणि आणखी एकाने ह्यांना बगलेत धरून उचललं. गुडघे वाकले, पाय फरफटले, पांढरा शर्ट वर गेला आणि पोट उघडं पडलं. त्यांनी ह्यांना परत खुर्चीत ठेवलं. मी उठून शर्ट खाली ओढला. इतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि ती कुणाची वाटतेय तेही समजेना.

मागच्या बाजूने मटणाचा वास येत होता आणि सगळ्यांना तो येतोय हे सगळ्यांना कळत होतं. आमच्यात काही सुचेनासं झालं की प्रभूची प्रार्थना म्हणतात. पाळकसाहेबांनी डोळे मिटले आणि ती सुरू केली. सगळ्यांनी सुटल्यासारखा सूर धरला. मी ओठ हलवत होते. इच्छेची ओळ आली आणि मी तेही थांबवले, म्हणूनच बहुधा मला सगळ्यांत आधी ऐकू आलं. माझ्या बाजूला, खुर्चीतून, ह्यांचा आवाज येत होता. घोगरा, जड, पण ह्यांचाच. इच्छेची ओळ, भाकरीची ओळ, क्षमेची ओळ. हळूहळू एकेक जण थांबला. शेवटच्या दोन ओळी ते एकटेच म्हणाले, एक शब्द न चुकता, आमेनपर्यंत.

मग जो हालेलूयाचा गजर झाला, तो रस्त्यापलीकडच्या ऊसतोडीच्या खोप्यांपर्यंत गेला असेल. उपदेशकांनी सगळं श्रेय देवाला दिलं, पण दोन्ही हात स्वतःचे वर केले. मग माइक माझ्यासमोर आला. "भगिनी, साक्ष द्या." मी रडत होते. देवाने काय केलं ते चारचौघांत सांगायचं म्हणजे साक्ष. पण देवाने काय केलं ते मला माहीत नव्हतं, आणि खोटी साक्ष द्यायची नाही हे मी पोरांना संडे स्कूलमध्ये शिकवलं होतं. मी म्हणाले, "पंगत मांडून घ्या. जेवण गार होतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन त्यांच्याजवळ बसले. "अहो, मला हाक मारा ना." ते माझ्याकडे बघून हसले. "आयला," म्हणाले.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. पाठ असलेलं, गाणी, पाढे, प्रार्थना, शिव्या, हे मेंदूत रोजच्या बोलण्यापेक्षा वेगळ्या जागी असतं. कधी कधी तेवढं वाचतं. प्रार्थना आणि शिव्या शेजारी शेजारी राहतात, हे खजिनदारांना अजिबात आवडलं नाही. उपदेशकांनी तर डॉक्टरांना विचारण्याची वाटच पाहिली नव्हती. त्यांची सभा राहुरीला झाली, तोवर त्यांच्या सांगण्यात माझा नवरा काठी टेकत चालू लागला होता. श्रीरामपूरच्या सभेत त्याने काठी फेकली.

आणि गुरुवारची घरप्रार्थना बंद झाली. बरोबरच होतं, उपकारस्तुती झाल्यावर त्या माणसासाठी पुन्हा कोण प्रार्थना करणार? मी या लोकांना मनातल्या मनात इतकं टोचून बोलत होते, पण त्या पहिल्या रिकाम्या गुरुवारी मी सवयीने सगळ्यांपुरतं आधण ठेवलं. कुणी आलं नाही. चहा ओतून देताना मला रडू फुटलं.

मग एका दुपारी ह्यांनी आयला, आयला करून मला भंडावलं. पाणी दिलं, नको. उशी सारखी केली, नको. पंखा लावला, तोही नको. मी थकून त्यांच्यासमोर बसले आणि नुसता त्यांचा आवाज ऐकावा म्हणून प्रभूच्या प्रार्थनेचे पहिले दोन शब्द म्हटले. सगळ्या देवळाला सुरुवात करून देणारा माणूस, त्याला आता सुरुवात तेवढी जमत नव्हती. दोन शब्द मिळाले आणि ते भराभर पुढे गेले. नाव, राज्य, इच्छा, भाकरीच्या ओळीवर आले आणि थांबले. डाव्या हाताने पोटावर थोपटलं आणि स्वयंपाकघराकडे बघितलं. मी भाकरी वाढून आणली. ते पहिल्यांदाच शांतपणे जेवले.

तेव्हापासून आमच्याकडे भाकरी मागायची हीच पद्धत. दोन शब्द माझे, पुढचे त्यांचे, भाकरी आली की गाडी थांबली. पुढच्या क्षमेशी आणि परीक्षेशी आम्हा दोघांना देणंघेणं नव्हतं. दूध घालायला आलेल्या वहिनींनी एकदा हे ऐकलं. "भाकरी घरातली, बाई तुमी समोर उभ्या, आन मागत्यात देवाला," त्या हसून म्हणाल्या. मी दोन शब्द म्हणून तवा ठेवायला जायचे. इच्छेच्या ओळीच्या वेळी मी चुलीशी असायचे, तोंड मिटून. मला ते सोयीचं होतं.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी ते त्या ओळीवर अडले. राज्यापर्यंत आले आणि थांबले. मी बाहेर डोकावले. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, "आयला" म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा पहिले दोन शब्द दिले. पुन्हा राज्यापर्यंत, पुन्हा तिथेच. तिसऱ्या वेळी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "अहो, मी वाढते ना, राहू द्या." ते मान हलवत राहिले. भाकरीपर्यंत गेल्याशिवाय त्यांना भाकरी नको होती, आणि मधली ओळ ओलांडल्याशिवाय तिथे जायला वाट नव्हती. तव्यावर बाजरीची भाकरी करपल्याचा वास यायला लागला.

ती ओळ मी म्हटली. मोठ्याने, पुरी. म्हणताना माझा आवाज चिरकला आणि मला देवाचा राग आला, अगदी समोर कुणी असल्यासारखा. त्यांनी पुढची ओळ उचलली, भाकरीवर आले आणि थांबले. करपलेली भाकरी मी वाढली, त्यांनी ती खाल्ली.

देव अजून काही बोललेला नाही. पण त्या दिवसापासून हे दोन्ही जेवणांच्या वेळी त्याच ओळीवर अडतात आणि मी म्हणेपर्यंत पुढे सरकत नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, होतं असं, एखाद्या जागी अडतं. मी मान हलवली. त्यांनी मेंदू पाहिलाय, कंडक्टर पाहिलेला नाही. शेवटची बाई गाडीत चढेपर्यंत या माणसाने कधी डबल बेल दिलेली नाही.