कालव्याकाठचा निळा ठिपका

भूत, संकेत, भास... यातलं काहीही मी मानत नाही. सावंगीला एका कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवते. मशीन विचित्र वागलं की कुठलं तरी सेटिंग चुकलेलं असतं, हा माझा अनुभव. हा एक प्रसंग सोडून.

माझे आईबाबा सेलूला राहतात. वर्षभरापासून बाबांना विसर पडतो. मोबाईलवर कुठलीही वेबसाईट उघडली की ते सरळ ‘अलाऊ’ दाबायचे. कॅमेरा, माईक, लोकेशन... सगळं खुलं! दिवाळीत मी बसून साऱ्या परवानग्या काढल्या, लोकेशन बंद केलं. त्यांचं खातं मात्र माझ्या लॅपटॉपवरच्या ब्राउझरमध्ये लॉगिन राहून गेलं होतं.

त्यानंतर काही दिवसांनी, भर दुपारी, बाबांच्या नंबरवरून फोन आला. आई होती.

“अवं, तुहे बाबा कुठीच दिसून नाई राह्यले. जेवले अन् कवा निंगून गेले, समजलंच नाई.”

“मोबाईल घरीच ठेवला त्याईनं?”

“त्याच्यावरूनच त बोलून राह्यली न मी!”

काही सुचेना म्हणून मी लॅपटॉपवर बाबांच्या खात्यातून ‘फोन शोधा’ उघडलं. उपयोग नाही हे माहीत होतं — फोन आईच्या कानाला होता, लोकेशन बंद. तरी नकाशा उघडला. निळा ठिपका घरावर नव्हता. गावाबाहेर, कालव्याच्या काठाने हळूहळू पुढे सरकत होता... माणूस चालतो तसा.

“आई, तू घरातच आहेस ना?”

“दारात उभी हावो. काऊन?”

मी सेलूतच राहणाऱ्या चुलतभावाला, दिनेशला, फोन लावला. तो लगेच मोटरसायकलवर निघाला.

“ताई, पुलावर आलो. आता कोणीकडे?”

“डावीकडे. काठाकाठानं जा.”

ठिपका आता थांबला होता. गहू-हरभऱ्यासाठी कालव्याला पाणी सोडलेलं. दिनेशच्या गाडीचा आवाज बंद झाला. मग फोनवर त्याच्या पळण्याचा आवाज येऊ लागला.

“सापडले! पाण्यात पाय सोडून बसले हायेत. काका, उठा बरं... धरा मले.”

मी खुर्चीत बसून रडले. डोळे पुसून पाहिलं, तर स्क्रीनवर लिहिलं होतं — लोकेशन उपलब्ध नाही.

संध्याकाळी सेलूला जाऊन तो मोबाईल पुन्हा पुन्हा तपासला. लोकेशन बंद. खात्याला जोडलेलं दुसरं उपकरण नाही. कॉलेजातले सहकारी म्हणाले, जुनी माहिती दिसली असेल. पण जुनी माहिती चालत कशी जाईल? आणि नेमकी बाबा होते तिथेच जाऊन कशी थांबेल?

बाबांना विचारलं, “तिकडे काऊन गेलते?”

“मी? मी कुठी गेलो?” ते म्हणाले, आणि आईकडे चहा मागितला.

मला याचं उत्तर अजून सापडलेलं नाही. कोणाला माहीत असेल तर सांगा. एवढंच ठाऊक आहे की तिथे मोबाईल नव्हता. बाबा होते.