भामा घरतचा गोलदांडा

१९९३ साली, दसऱ्याच्या चार दिवस आधी, शाळेसाठी फुलं सांगायला मी भामा घरतच्या वाडीत गेले आणि बांधावरच थबकले. सहा लांब वाफे पिवळ्या तुऱ्यांनी भरलेले असायचे, तिथे नुसती उकरलेली माती होती. भामा ओणवी होऊन कुदळीने शेवटचे गड्डे उपसत होती. उपटलेल्या झाडांचा ढीग तिच्या कमरेएवढा झाला होता. तुरे अजून ताजे होते, त्यांच्यावर मधमाश्या फिरत होत्या.

मी विचारलं, "भामाताई, हे काय केलंत?"

तिने वर न बघता सांगितलं, "तुमीच सांगलंव ना बाई. बाबांना दम लागतो तो याच्यानंच."

मी हे कधी बोलले होते ते आठवायलाही मला वेळ लागला.

भामा पनवेलजवळच्या एका गावची आगरी सून. सासऱ्यांची बरीचशी भातशेती नव्या वसाहतीसाठी गेली, उरली ती टेकडीच्या पायथ्याची एक चिंचोळी पट्टी. नवरा बाळू जासईच्या कंटेनर यार्डात कामाला. भामा कर्नाळ्याच्या वाटेवरच्या एका नर्सरीत रोजाने जायची. तिथल्या मालकाने एकदा या पिवळ्या तुऱ्यांच्या झाडाचे, गोल्डन रॉडचे, गड्डे उपटून कुंपणाबाहेर टाकले. हे झाड जमिनीखालून मुनवे, म्हणजे नवे कोंब, काढत शेजारच्या वाफ्यात घुसतं म्हणून तो कंटाळला होता. भामाने ते गड्डे गोणीत भरून डोक्यावरून घरी आणले. इतकं जिद्दीचं झाड आपल्या खडकाळ पट्टीत नक्की जगेल, असं तिने मनाशी धरलं होतं. ते जगलंच. दोन वर्षांत तिची फुलं नवीन पनवेलच्या बुकेवाल्यांकडे जायला लागली. गोल्डन रॉड हे नाव तिच्या तोंडात बसेना, ती त्याला गोलदांडा म्हणायची, आणि हळूहळू गावही तसंच म्हणायला लागलं. शेजारच्या दोघीतिघींनी तिच्याकडूनच मुनवे नेऊन लावले.

मी शाळेत विज्ञान शिकवायचे. वाचनालयातल्या एका इंग्रजी मासिकात मी वाचलं होतं, की या फुलाच्या परागांनी लोकांना शिंका येतात, दमा होतो. ऑगस्टमध्ये एकदा भामाच्या ओट्यावर चहा घेत होते. तिचे सासरे काशिराम आत खोकत होते. त्यांना दोन वर्षांपासून धाप लागायची, मानेवर आणि हातांवर चट्टे उठायचे. मी सहज म्हणून गेले, की या फुलाने असं होतं, परदेशात सगळ्यांना ठाऊक आहे. मग चहा संपवून, पिशवी उचलून मी घरी आले. तो विषय माझ्यापुरता तिथेच संपला होता.

भामा मात्र दोन महिने ते मनात घोळवत होती. बाळूला वाटायचं, निदान दसरा होऊ द्यावा. तिने ऐकलं नाही. काशिरामांनी तर तिच्या हातातली कुदळ धरून ठेवली होती, असं मला मागाहून कळलं. आई गेल्यावर मुलीला वाढवावं तशी त्यांनी या सुनेला माया दिली होती, आणि तिच्या वाफ्यांइतका जीव त्यांचा दुसऱ्या कशातच नव्हता. तिने त्यांचा हात सोडवला आणि ती उपटायला लागली.

त्या दिवशी मी तिला अडवलं नाही. मनातून मला थोडं बरंही वाटलं, की एका माणसाचा आजार आपल्यामुळे सुटला.

आजार सुटला नाही. डिसेंबरात बाळू शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. बाबांना चार पावलं चालवत नाहीत, चेहरा सुजलाय, तुमच्या ओळखीचा कोणी डॉक्टर आहे का, असं विचारत होता. मी त्यांना कातडीच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. ढिगात राहिलेली गोल्डन रॉडची वाळकी काडीही बरोबर नेली, माझं म्हणणं खरं ठरावं म्हणून. डॉक्टरांनी चट्टे पाहिले आणि काशिरामांना विचारलं, दिवसभर काय करता. ते म्हणाले, आता काय करणार, सुनेच्या वाफ्यांतलं गाजर गवत उपटायचो, अजूनही बांधावरचं उपटतो, हातानेच.

डॉक्टरांनी त्यांच्या पाठीवर दोन पट्ट्या चिकटवल्या, एकीखाली गोल्डन रॉडचा चुरा, दुसरीखाली गाजर गवताचा. दोन दिवसांनी पट्ट्या काढल्या. पहिल्या जागी कातडी स्वच्छ होती. दुसऱ्या जागी लालभडक, पाणी सुटलेला चट्टा होता. डॉक्टरांनी सांगितलं, की गोल्डन रॉडचे पराग जड आणि चिकट असतात, ते मधमाश्यांच्या पायांना लागून जातात, वाऱ्यावर फारसे उडत नाहीत. रिकाम्या प्लॉटांवर माजलेलं गाजर गवत मात्र कातडीलाही बाधतं आणि श्वासालाही.

भामाने निर्दोष झाडं उपटली होती, आणि म्हातारा त्या झाडांसाठी ज्या गवतात हात घालत होता तेच त्याला मारत होतं. या दोन्ही गोष्टी तिला सांगायच्या होत्या.

सांगितल्या तेव्हा भामा सासऱ्यांच्या हातांकडे वळली. तिने ते आपल्या हातांत घेतले, चट्ट्यांवरून बोट फिरवलं. रडेल असं वाटलं, पण ती रडली नाही. म्हणाली, "बाई, गावात सांगायला तुमीच या. माजं कोनी ऐकनार नाय. शेजारनींनी बी उपटलीत झाडं."

रविवारी मी गेले. काशिरामांच्या ओट्यापुढे पंधरा-वीस बायका जमल्या होत्या. मी उभी राहून म्हणाले, मी चुकीचं सांगितलं, न तपासता सांगितलं. वर्गात पन्नास मुलांपुढे न अडखळणारी माझी जीभ तिथे दोनदा अडली. सत्यवती नावाच्या म्हातारीने विचारलं, "आनि ह्ये गाजर गवताचं? ह्ये बी पुस्तकातलंच का?"

काशिराम उठले, सदरा काढला आणि बायकांकडे पाठ करून उभे राहिले. चट्टा अजून वाळला नव्हता.

पुढच्या आठवड्यात गावाने मिळून बांधावरचं गाजर गवत काढलं, हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून. काशिरामांना वाडीत पाय ठेवायची बंदी झाली. त्यांची धाप हळूहळू कमी झाली, पूर्ण कधीच गेली नाही. भामाच्या कुदळीतून सुटलेले मुनवे फेब्रुवारीत वर आले, सगळे वाफे भरायला मात्र दीड वर्ष गेलं. ती माझ्याशी पूर्वीसारखीच बोलायची, चहाही द्यायची. फक्त मी काही सांगितलं, की आधी थांबून विचारायची, "बाई, ह्ये तुमी बगितलंव का वाचलंव?"