डोकं घ्यावं की डोळे

फौजेतून निवृत्त होऊन आलेल्या प्रत्येकाला आमच्या गावात मेजर म्हणतात, म्हणून मीही मेजर. प्रत्यक्षात मी फौजेत ट्रक चालवला आणि हवालदार होऊन घरी आलो. पण पाटणच्या स्टँडवर कुणी ‘या मेजर’ म्हटलं की माझी छाती आपोआप पुढे येते. दुरुस्ती करावीशी कधी वाटली नाही.

तर हा मेजर रोज संध्याकाळी उसाला पाणी देऊन आला की कॉम्प्युटरवर लढाईचा गेम खेळतो आणि सगळ्यांच्या आधी मरतो. हा नाद लावला माझ्या मुलीनं, शिवांजलीनं. ती पुण्यात हॉस्टेलवर असते. फोनवर ‘जेवले, बरी आहे, ठेवते’ यापुढे तिची गाडी जात नाही. गेममध्ये मात्र हेडफोनवरून तिची बडबड माझ्या कानात चालू असते. माझा दिवस त्या बडबडीसाठीच उगवतो म्हणा ना.

जुना कॉम्प्युटर ऐन गोळी झाडताना अडकायचा. मरण्याचा दोष अर्थात त्याचाच. ट्रक खड्ड्यात घातला होता, तेव्हाही दोष रस्त्याचाच होता. एक दिवस पोरगी मला कंटाळून दुसऱ्या कुणाबरोबर खेळायला लागली तर? या भीतीनं मी कराडला नवा कॉम्प्युटर घ्यायला गेलो.

“बजेटात एकच भारी बसतंय, मेजर,” दुकानदार राजवर्धन म्हणाला. “प्रोसेसर म्हंजी डोकं, ग्राफिक्स कार्ड म्हंजी डोळं. काय घ्यायचं?”

“आवं, डोकंच घ्या,” सोबत आलेली बायको पल्लवी म्हणाली. “तेच कमी हाय.”

“पण करणार काय त्यावर?” राजवर्धननं विचारलं.

शेजारी आमच्याच गावचे आकारामतात्या प्रिंटर दुरुस्तीला घेऊन बसले होते. मी घसा खाकरला. “उसाचा हिशेब.”

“मग दोन्हीतलं काय बी नको. साधा न्या.”

नाइलाजानं मी त्याच्या कानात खरं सांगितलं. त्यानं ते साऱ्या दुकानाला ऐकवलं. “गेम व्हय! मग बिनधास्त ग्राफिक्स घ्या!”

“मेजर,” तात्या म्हणाले, “फौजेत लढून जीव भरला न्हाई व्हय?”

मी गंभीरपणे मान हलवली आणि ग्राफिक्सवाला घेतला.

आणि काय सांगू, मी मरेनासा झालो! शिवांजली खूश. “पप्पा, लय भारी!” आठवडाभर आम्ही बापलेक शेवटपर्यंत लढलो. मग एका सकाळी पल्लवीनं विचारलं, “तिचा पेपर कसा गेला?”

मला ठाऊकच नव्हतं. आठवडाभर आम्ही ‘डावीकडं, उजवीकडं, गोळ्या हायत का’ यापलीकडे बोललोच नव्हतो. पूर्वी मी मेलो की माझ्या पडद्यावर तिचा खेळ दिसायचा, मी बघत बसायचो आणि ती बोलायची. आता बोलायला उसंत कुठली? स्वतःचा असा राग आला की विचारू नका.

त्या संध्याकाळी मी उघड्या माळावर जाऊन ताठ उभा राहिलो. लगेच गोळी लागली.

“पप्पा, असं काय करता? वाकायचं की!”

“चुकलं. तू खेळ, मी बघतो.”

पडद्यावर ती एका भिंतीआड जाऊन बसली. मग ती हळूच म्हणाली, “पप्पा, पेपर चांगला न्हाई गेला. आन् माझ्या रूममेटनं, सोनमनं, खोली सोडली. मला एकटीला करमत न्हाई हितं. मम्मीला सांगू नका... तुमाला वेळ हाय का?”

“बोल की, बाळा,” मी म्हणालो. “मेलेल्या माणसाला काय काम हाय?”