भोर ते वेल्हे, बूट हातात घेऊन

कॉलेज सोडलं त्याच दिवशी मी बूट घेतले. दोन्ही गोष्टी सकाळी केल्या. कॉलेजबद्दल एवढंच सांगतो की गणिताच्या प्राध्यापकांशी माझा मतभेद झाला, आणि गणितात मतभेद होत नसतो असं त्यांचं मत पडलं. बुटांबद्दल मात्र सविस्तर लिहिणार आहे. वाचकांपैकी कोणी या बाजूला पायी जाणार असेल तर त्यानं बूट सकाळी घेऊ नयेत. सकाळी पाय लहान असतो. दिवसभरानं तो सुजतो, आणि बूट त्या सुजलेल्या पायाला बसला पाहिजे. दुकानदार म्हणाला होता, घट्ट वाटतोय पण होईल सैल. सैल झालं ते माझ्या टाचेचं कातडं.

जाण्याचं कारण इंदू. आमच्या शेजारी तिचे मामा राहतात. त्यांच्याकडे राहून ती शाळा शिकली आणि शाळा संपल्यावर वडिलांकडे भोरला गेली. जाताना जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली होती, भोरला आलात तर घरी या. असं सगळेच सगळ्यांना म्हणतात, हे मला मित्रांनी पुष्कळ समजावलं. एका मित्राशी त्यावरून अबोलाही झाला. मग मी मोटारीचं तिकीट काढलं.

पुण्याहून भोरला जाणारी मोटार भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली असं तिच्या मालकाला कधीच वाटत नाही. कात्रजचा घाट चढताना दोनदा पाणी पाजावं लागलं. माझ्या शेजारी शिवऱ्याचे एक शेतकरी बसले होते. त्यांनी माझे बूट बराच वेळ न्याहाळले आणि विचारलं, "नवं हायती व्हय?" मी होय म्हणालो. "मग भोरपतुर मोटारीतनं उतरू नगा," एवढं बोलून ते शिवऱ्याला उतरले. कापूरहोळला मोटार थांबते तिथे चहा आणि भजी मिळतात. भजी घ्यावीत, चहा घेऊ नये.

भोर गाव मला आवडलं. नदीचा घाट चांगला आहे, बाजार स्वच्छ आहे, खानावळीत ताक मागाल तितकं वाढतात. वाईट एवढंच की इंदू तिथे नव्हती. तिचे वडील संस्थानच्या नोकरीत कारकून, त्यांची महिन्यापूर्वी वेल्ह्याला बदली झाली होती. घराला कुलूप होतं. शेजारच्या गृहस्थांनी मला वाट नीट समजावून दिली: मोटारीनं नसरापुरापर्यंत मागे जा, तिथून वेल्ह्याला गाडीरस्ता आहे, बैलगाडी सहज मिळते. दुसरी वाट आहे, पण ती धरणाच्या पाण्याकाठानं जाऊन डोंगर ओलांडते आणि तिच्या नादाला कोणी लागत नाही.

मागे जाण्याचा मला तिटकारा आहे. मी दुसरी वाट धरली.

भाटघरचं पाणी डाव्या हाताला ठेवून चालत राहिलं की निम्मा रस्ता सपाट आहे. देखावा फार सुंदर असावा. मला उजवी टाच आठवते, दुपारनंतर डावीही आठवते. वाटेत ओढे लागतात. ते बुटांसकट ओलांडले, कारण बूट काढले तर पुन्हा चढणार नाहीत असा अंदाज होता. ओले मोजे घालून चाललं की बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. पावसाळ्यातच होतात हा गैरसमज आहे, ऐन थंडीतही होतात. ओढा लागला की मोजे काढावेत, पाय पुसावेत, बोटांमधलं पाणी विशेष करून पुसावं, आणि झोळीत कोरड्या मोज्यांचा एक जोड ठेवावा. माझ्या झोळीत प्रेमकवितांची वही होती.

संध्याकाळी खिंडीच्या पायथ्याला धनगरांचं एक घर लागलं. घरधनी धोंडिबा म्हशी बांधत होता. मी दगडावर बसून बूट काढला, तो निघताना टाचेवरचा फोड घेऊन निघाला. धोंडिबानं बूट उचलून आत पाहिलं.

"पावनं, ह्यो बूट हाय का उंदराचा चाप?"

मग नवरा-बायकोत माझ्या टाचांवरून वाद लागला. धोंडिबाचं म्हणणं, बिबा लावायचा. टाच भेगाळली बिबा, काटा मोडला बिबा, फोड आला बिबा. त्याच्या बायकोला मी मावशी म्हणू लागलो होतो. ती चुलीपुढून उठलीच नाही, तिथूनच म्हणाली, "ह्येंच्या टाचंवर म्हशीनं पाय दिला तरी ह्येंना कळत न्हाई. तुमी नगा लावू बाबा. तुमचं कातडं नाजूक हाय."

नाजूक हा शब्द तिनं वापरायला नको होता. मी धोंडिबाला म्हणालो, लावा. दोन्ही टाचांना लावा.

सुई तापवून बिब्यात खुपसली की काळं तेल सुटतं. ते उघड्या जखमेवर लावलं की काय होतं हे मी इथे लिहीत नाही, कारण हे मासिक घरातली लहान मुलंही वाचतात. सकाळी दोन्ही टाचा पुरीसारख्या टम्म फुगल्या होत्या. मावशीनं त्यांवर लोणी थापलं. धोंडिबा मात्र खूश होता. "फोडाचं दुकणं ऱ्हायलं का न्हाई?" त्यानं विचारलं. खरंच राहिलं होतं. नव्या दुखण्यात ते सापडत नव्हतं. तेव्हा वाचकहो, बिबा पायाला लावू नये, कोणी कितीही आपुलकीनं दिला तरी. आणि फोडाचं कातडं ओढून काढू नये. फोड लहान असेल तर तसाच ठेवावा. मोठा असून दुखत असेल तर जाळावर धरलेल्या सुईनं कडेला टोचून पाणी काढावं, वरचं कातडं राहू द्यावं. त्यासारखी दुसरी पट्टी नाही.

नाचणीची भाकरी आणि दूध दिलं त्यांनी. पैसे पुढे केले ते मावशीनं परत माझ्या झोळीत टाकले.

खिंड मी पायांना फडकी गुंडाळून, बूट हातात घेऊन ओलांडली. राजगड उजव्या अंगाला होता असं लोक सांगतात, असेल. पलीकडे साखर गावात वेल्ह्याच्या बाजाराला भात घेऊन निघालेली बैलगाडी भेटली. गाडीवान भला माणूस होता, तोरणा दिसायला लागल्यावर त्यानं मला झोपेतून हलवून माझं तोंड तिकडे वळवलं. वेल्हे जवळ आलं तसा मी खाली उतरायचं म्हणालो. मुलीच्या दारात भाताच्या पोत्यावर बसून जायचं मला बरं वाटेना. गाडीवान म्हणाला, "चालत गेल्यावर लई चांगलं दिसंल म्हंता?" मी उतरलोच.

दारात इंदूच्या आईनं रीतीप्रमाणे पायांवर पाणी घालायला तांब्या आणला. फडकी सोडली तेव्हा त्या नुसतं "अगंबाई" म्हणाल्या आणि तांब्या खाली ठेवून आत गेल्या. थोड्या वेळानं कचेरीतून इंदूचे वडील आले. त्यांना सगळे तात्या म्हणतात.

"आपण?" मी नाव सांगितलं.

"काय करता?"

"सध्या काही नाही. कॉलेज सोडलं."

"इकडे काय काम काढलंत?"

वाटेत मी यासाठी चार सुरेख वाक्यं रचली होती. त्यांतलं एकही आठवेना. "इंदूला मागणी घालायला आलो," मी म्हणालो.

तात्यांचा हात फाटकाकडे गेला. मग त्यांनी माझे पाय पाहिले आणि हात खाली घेतला. शेताच्या बांधाचा तंटा पाहावा तसे ते वाकून पाय पाहत राहिले.

"मुलगी द्यायची नाही," ते म्हणाले. "हे आधीच सांगतो, म्हणजे घोटाळा नको. पण असल्या पायांनी माणूस दारातून काढला तर गाव मला काय म्हणेल? पाय बरे करा आणि चालू लागा. तोवर ओसरीवर राहा."

मी ताडकन म्हणालो की असले उपकार मला नकोत, मी आत्ता जातो. उठलो आणि पुन्हा खाली बसलो.

तात्यांची सगळी नोकरी जमाबंदीच्या फिरतीत, गावोगाव पायी गेलेली. पाय हा त्यांचा विषय, आणि मला घालवायची घाई, त्यामुळे उपचार फार कसोशीनं झाला. सकाळी कोमट पाण्यात मीठ घालून पाय धुवायचे. बोटांच्या बेचक्या मऊ फडक्यानं कोरड्या करून तिथे बोरिक पावडर. जखमेवर उकळून वाळवलेल्या जुन्या धोतराची पट्टी. भेगांना रात्री कोकमतेल, पण जखमेजवळ नाही. नखं सरळ कापायची, कोपरे गोल काढले की नख मांसात शिरतं. करंगळीवर माझं जुनं कुरूप होतं, ते कापायला मी वस्तरा मागितला तर तात्या म्हणाले, कुरूप कापून जात नाही, दाबणारं पायताण गेलं की जातं. लाली पसरली, ताप आला किंवा घाण वास सुटला तर घरचं औषध बंद करून भोरच्या दवाखान्यात न्यायचं, हेही त्यांनी बजावलं. मधुमेह असलेल्यानं तर साध्या फोडालाही डॉक्टर गाठावा. त्यांच्या एका काकांचा पाय त्यात गेला होता.

या उपचारानं माझे पाय झपाट्यानं बरे होऊ लागले. ही अडचण मला आधी सुचली नव्हती. इंदू दिवसातून कितीदा तरी ओसरीवरून जायची, कधी कळशी, कधी सूप, कधी हातात काहीच नाही. बोलणं नाही, पण जायची. पाय बरे झाले की हे संपणार.

म्हणून मी पट्टी सोडू लागलो. तात्या कचेरीत गेले की पट्टी काढायची, गोठ्यापुढच्या ओल्यात जरा उभं राहायचं, ते यायच्या आत पुन्हा बांधायची. जखम जागच्या जागी राहिली. तात्या विचारात पडले. त्यांनी माझं वांगं बंद केलं, मग गूळ, मग आंबट. इंदूच्या आईनं दृष्ट काढली.

एका दुपारी इंदू वाळलेल्या पट्ट्या न्यायला ओसरीवर आली. पट्ट्यांच्या घड्या घालत, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "पट्टी तुम्हीच सोडता ना?"

मी पट्टीचं सुटं टोक पायाखाली सरकवलं.

"काल तात्या आईला सांगत होते, या मुलाची जखम भरत नाही, याच्या रक्तातच काहीतरी दोष असणार. कॉलेज काय, पुन्हा जाता येतं. रक्ताला काय करणार? असल्या घरी मुलगी कोण देईल?" तिनं शेवटची घडी घातली. "लवकर बरे व्हा."

इतकी वाक्यं ती मामांकडे होती तेवढ्या काळात सगळी मिळून माझ्याशी बोलली नव्हती. त्या दिवसापासून मी ओसरीवरून पाय खाली ठेवला नाही. चार वेळा मागून मिठाचं पाणी घेतलं. वांगं समोर आलं तरी खाल्लं नसतं. कातडं असं भरलं की तात्यांनी अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि म्हणाले, उद्या निघा.

सकाळी ते मला विंझरपर्यंत सोडायला आले, तिथे नसरापूरची गाडी मिळते. बूट मी कचेरीतल्या शिपायाला देऊन टाकले होते. अनवाणी निघालो तर तात्यांनी खुंटीवरच्या स्वतःच्या वहाणा काढून पुढ्यात ठेवल्या, वापरून मऊ झालेल्या. रस्ता उताराचा आणि चांगला आहे. अर्ध्या वाटेपर्यंत तात्या माझी चाल पाहत होते. मग मला राहवेना. मी म्हणालो, "तात्या, जखम भरत होती. पट्टी मीच सोडत होतो."

"माहीत आहे. मी मारलेली गाठ संध्याकाळी मला सापडायची नाही."

"मग रक्तातला दोष…"

"घरात आम्ही हळू बोलतो," तात्या म्हणाले. "त्या दिवशी मोठ्यानं बोललो."

गाडी जुंपलेली होती. मी चढलो. कॉलेजात पुन्हा घेतात का, असं त्यांनी विचारलं. जूनमध्ये घेतात, पण प्राध्यापकांची माफी मागावी लागेल, असं मी सांगितलं.  गाडी हलली तेव्हा त्यांनी माझ्या पायांकडे बोट केलं.

"वहाणा परत आणून द्या. टपालानं पाठवू नका."

पुण्याला येऊन आता बरेच दिवस झाले. टाचांवर दोन गोल तांबूस डाग राहिलेत, ते जाणार नाहीत असं डॉक्टर म्हणाले. करंगळीचं कुरूप मात्र खरंच मऊ पडलं. वहाणांना मी आठवड्यातून एकदा एरंडेल लावतो आणि त्या घालत नाही. आईला हा प्रकार समजत नाही. मित्रांना सगळा सांगितला तर त्यांचं म्हणणं, तात्यांना फक्त वहाणा हव्या आहेत. त्यांच्याशी मी भांडलो नाही. माफीचा मसुदा केला, त्यात 'मतभेद' हा शब्द होता तो खोडला, आणि प्राध्यापकांच्या घरी जाऊन तो तोंडी सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि पाटावर बसवून पोहे दिले.

कॉलेजात नाव घातलं की वेल्ह्याला जाईन. वाचकांनाही सांगतो, नसरापूरवरूनच जावं, गाडीरस्ता उत्तम आहे, खिंडीत काही नाही. मीही तसाच जाणार, स्वतःच्या सैल वहाणा घालून, ओढ्यापाशी पाय पुसून. तात्यांच्या दारात या खेपेला धडधाकट पायांनी उभा राहीन. मग मला ओसरीवर ठेवून घ्यायला त्यांच्यापाशी काही कारण उरणार नाही. एक सोडून.